वहिनी, भिंतीत माळ नव्हतीच

वहिनी, भिंतीतलं भगदाड अजून तसंच आहे. परवा सांत्वनाला आलेल्या तुमच्या मामांनी विचारलं, हा झरोका असा वेडावाकडा कुणी केला? कमलनं माझ्याकडे पाहिलं, मी कमलकडे, आणि घरात सुतक असताना आम्हा नवराबायकोला हसू फुटलं. दुःखानं आमचं डोकं फिरलं असं मामांना वाटलं असावं, कारण त्यांनी उठून मला पाण्याचा तांब्या आणून दिला. तुम्ही असतात तर त्यांना हाताला धरून खाली बसवलं असतंत आणि सगळी कथा पहिल्यापासून सांगितली असतीत. दर वेळी ती थोडी वाढायची, तशी याही वेळी वाढली असती.

काल तुमचा दहावा झाला. तिथं जे घडलं ते तुम्हाला सांगायचंच आहे, पण ते मागाहून. आधी आपलं भांडण. ते अर्ध्यावर टाकून तुम्ही निघून गेलात, आणि मला ते मुळीच पटलेलं नाही.

मी एस.टी.चा कंडक्टर. पोराचं वय चोरून अर्धं तिकीट मागणारी आई मी गाडीत चढतानाच ओळखतो. पोराला ती उगाच कडेवर घेते आणि पोराचे पाय तिच्या गुडघ्याला लागत असतात. खोटं बोलणाऱ्या माणसाचा चेहरा वाचणं हीच माझी भाकरी. असं असून तुमचा चेहरा मला कधी वाचता आला नाही. गोडबाबाच्या बाबतीत तुम्ही फसलात की त्याला फसवलंत, हे मला आजही सांगता येत नाही, आणि मी दर वेळी छातीठोकपणे सांगत आलो की तुम्ही फसलात.

दादा गेला आणि पुढच्याच वर्षी तो दुष्काळ पडला. विहिरीचा तळ दिसला, शेतात ढेकळं, आणि गावातली झाडून सगळी माणसं खडी फोडायला. तुम्हीही जायच्यात. खडीचं तुम्हाला काही वाटलं नाही. तुमचे हाल झाले ते निराळ्याच गोष्टीनं. दादा अबोल माणूस, पण ऐकायला पक्का. तो ओसरीवर बसून दावी वळायचा आणि तुम्ही बोलत राहायच्यात, भाजीत मीठ किती पडलं इथपासून पांडव कुठं गेले इथपर्यंत. तो गेला आणि तुमचं बोलणं ठेवायला घरात जागा उरली नाही. मी दिवसभर शंभर माणसांची कटकट ऐकून येणार, कमल लेकरांच्या मागं. तुम्ही म्हशीशी बोलू लागलात. मग चाऱ्यावाचून म्हैसही विकावी लागली.

अशात पाटाच्या कडेला तो मठ उभा राहिला. बाबाचं खरं नाव कुणालाच ठाऊक नव्हतं. दर्शनाला येईल त्याच्या हातावर तो गुळाचा खडा ठेवायचा, म्हणून गोडबाबा. बोलणं त्याहून गोड. खडीवरच्या बायांबरोबर तुम्ही एका गुरुवारी गेलात आणि परत आलात ते डोळे सुजवून. मला वाटलं कुणी काही बोललं असेल.

“भावजी,” तुम्ही म्हणालात, “त्येनं इचारलं, बाई, जेवलीस का? रातीला झोप लागती का? मी रडलेच बगा.”

मी म्हटलं, एवढं तर डॉक्टरसुद्धा विचारतो. तुम्ही म्हणालात, डॉक्टर इचारतो आन् लिवतो, हा इचारतो आन् थांबतो. मी टोपी खुंटीला लावली आणि हातपाय धुवायला गेलो.

मग दर गुरुवार सुरू झाला. पहिल्यांदा मूठभर धान्य न्यायचं, भंडाऱ्यासाठी. नंतर ते निवडायला बसायचं. त्या वर्षी रेशनवर मिळणारी ती लाल मिलो ज्वारी आठवते ना? निम्मे खडे. दर्शन व्हायच्या आधी पंचवीस-तीस बाया मठाच्या अंगणात सुपं घेऊन बसायच्या, आणि धान्य निवडणाऱ्या बाया गप्प बसल्याचं जगात कुणी ऐकलेलं नाही. हात सुपात आणि तोंड मोकळं. त्यांच्यातच पांढऱ्या लुगड्यातली नर्मदाताई बसायची, बाबांची मोठी सेविका. ती बाई स्वतः काही बोलत नसे. समोरची थांबली की मान न उचलता एवढंच म्हणायची, “मग?” त्या एका शब्दावर बायांनी आपले संसार तिच्या सुपात ओतले.

आणि आत बाबा अंतर्ज्ञानी. दादानं शेवटच्या दुखण्यात ताक मागितलं होतं, डॉक्टरनं नको सांगितलं म्हणून तुम्ही दिलं नाहीत, हे बाबानं डोळे मिटून सांगितलं. घरातसुद्धा ही गोष्ट तुम्ही कुणाला सांगितली नव्हती. त्याचा जीव तहानलेला आहे म्हणे, त्याच्या पाण्याचं भांडं मठात येऊ दे. तुम्ही न्हाणीतलं तांब्याचं घंगाळ उचललंत, दादाचं नाव कोरलेलं, आणि मठात नेऊन दिलंत. माझ्या भावाचा जीव तहानलेला राहिला आणि त्याच्या घंगाळात गोडबाबा कढत पाण्यानं आंघोळ करू लागला, तीही त्या वर्षी, जेव्हा आम्ही तांब्याभर पाण्यात तोंड धुऊन तेच पाणी तुळशीला घालत होतो. वहिनी, त्या माणसाच्या बाकी सगळ्या गोष्टींवर मी हसू शकतो. त्या ताकावर मला आजही हसता येत नाही.

त्यानं तुमचं नावही बदललं. शांता ठेवलं. मी म्हटलं, दिव्यदृष्टी इथंच उघडी पडली. त्या रागानं तुम्ही दोन दिवस खरोखर शांत राहून दाखवलंत. शेजारची काशीबाई भाकरी घेऊन आली, घरात कोण आजारी आहे म्हणून विचारायला.

आता माळ. मला ही गोष्ट तुमच्याच तोंडून कळली, म्हणून तुम्ही सांगितलीत तशीच लिहितो. त्या सुपांच्या घोळक्यात प्रत्येकीकडे काही ना काही भारी होतं. एकीचा नवरा पळालेला, एकीच्या अंगात येणारं, एकीच्या सुनेनं तिला विष घातलेलं. तुमच्याकडचं सगळं सांगून संपलं होतं. नर्मदाताई म्हणाली, “मग?” आणि तुमच्या तोंडून गेलं, की सासूनं मरायच्या आधी घराच्या भिंतीत सोन्याच्या पुतळ्यांची माळ दडवली, कुठं ते कुणालाच ठाऊक नाही.

वहिनी, आपलं गाव कुठलं? शिंगणापूर. घराला दार नाही, पेटीला कुलूप नाही, कुत्रं आत शिरू नये म्हणून आडवं लावलेलं फळकुट हाच काय तो बंदोबस्त. इथून चोरून काही नेणाऱ्याला गावाची शीव ओलांडता येत नाही, आंधळा होऊन जागच्या जागी फिरत राहतो, हे आपण पाळण्यापासून ऐकत आलो. अशा गावात कुठली सासू भिंतीत सोनं लपवील? आणि आईचं सोनं म्हणजे नाकातली मोरणी. पुतळ्यांची माळ तिनं लांबून, पाटलांच्या लग्नात पाहिली असेल तेवढीच.

पुढच्या गुरुवारी बाबानं डोळे मिटले आणि त्याला तुमच्या भिंतीत सोनं दिसलं. सासूचा जीव त्यात अडकलाय, ते इथं आणून टाक, मोकळी हो. दुसरी कुणी असती तर तिथंच हसून उठली असती. तुम्ही घरी आलात ते अंगावर काटा घेऊन, आणि मला ओसरीच्या कोपऱ्यात बोलावून हळूच म्हणालात:

“भावजी, मी थाप मारली हुती. आन् ती बाबांना दिसली. म्हंजी माळ हाय.”

इतक्या वर्षांच्या नोकरीत मी खोटं बोलणारे पुष्कळ पाहिले. पण आपलीच थाप दुसऱ्याच्या तोंडून ऐकून तिच्यावर विश्वास ठेवणारं माणूस मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. मी परोपरीनं सांगितलं की नर्मदाताईनं आत जाऊन सांगितलं असणार. तुम्ही म्हणालात, ती तशी बाई नाही, ती तर बोलतच नाही. आणि पहार हातात घेतलीत.

मातीची भिंत ती, दुपारपर्यंत आरपार उजेड दिसू लागला. आत निघालं एक उंदराचं बीळ आणि आजोबांच्या चिलमीचा तुकडा. चिलमीचा तुकडा तुम्ही मठात घेऊन गेलात. बाबानं तो हातात घेतला, वास घेतला आणि सांगितलं, की सोनं होतंच, पण ज्या घरात शंकेखोर राहतो तिथं सोन्याची माती होते. शंकेखोर म्हणजे मी. त्या घरचं अन्न सोड, नात्याची गाठ सोड, मठात येऊन राहा. भंडारा रांधायला माणूस हवंच आहे.

त्या दिवसापासून तुम्ही आमच्या चुलीवरचं खाणं बंद केलंत. तीन दगड मांडून अंगणात आपली भाकरी निराळी भाजू लागलात. कमल ताट घेऊन तुमच्यापुढं उभी राहायची आणि तुम्ही तिच्याकडे पाहतही नव्हतात. धाकटी पोर काकूच्या मांडीवर जायला निघाली की तुम्ही उठून जायच्यात. कमल रात्री रडायची, मी तिला गप्प बस म्हणायचो, आणि मग मलाही झोप यायची नाही. दादानं जाताना तुम्हाला माझ्यावर सोपवलं होतं, आणि गुळाच्या खड्यावर एक उपरा तुम्हाला घेऊन चालला होता. मी शेवटी म्हटलं, वहिनी, नका जाऊ. तुम्ही भाकरी उलटलीत आणि म्हणालात, “तितं मला कुनीतरी इचारतं.”

गुरुवारी बोचकं बांधून तुम्ही निघालात, ते माझ्याच गाडीनं. बोचक्यात दोन लुगडी आणि दादाचा फोटो. मी तिकीट फाडलं. संध्याकाळी परत येताना कुठल्या गाडीला याल, असं मी विचारलं, तर तुम्ही खिडकीबाहेर पाहत राहिलात. पाटाच्या थांब्यावर उतरलात. घंटीची दोरी ओढायला माझा हात उठेना, तेव्हा ड्रायव्हरनंच वळून पाहिलं.

पुढचं मला परतीच्या फेरीत कळलं, मठातून निघालेल्या बायांकडून. गाडीभर तोच विषय. तुम्ही म्हणे भरल्या दरबारात बाबाच्या पुढं बोचकं ठेवलंत आणि हात जोडलेत. “बाबा, मी आले. पर सासूची माळ तितंच ऱ्हायली. तुमाला दिसती, मला दिसंना. तुमीच येऊन हात लावून काढा. घराला दार न्हाई, कुनी आडवनार न्हाई.” बायांनी जयजयकार केला. एवढ्या जयजयकारात नाही कसं म्हणणार? बाबा शनिवारी यायला कबूल झाला. आणि तुम्ही, माळ हाती लागेपर्यंत घर राखायला हवं म्हणून, बोचकं उचलून शेवटच्या गाडीनं परत आलात. मी तुमचं तिकीट फाडताना जरा जास्तच जोरात फाडलं.

शनिवारी माझी सुट्टी होती. बैलगाडीला पताका, पुढं टाळ, मागं साठ-सत्तर बाया, मधे लोडाला टेकून गोडबाबा. तुम्ही शिवेच्या दगडापाशी उभ्या. गाडी शिवेला आली आणि गाडीवान, आपल्याच भागातला माणूस, बैल थांबवून खाली उतरला. नमस्कार करून त्यानं बाबाला अगदी सरळ मनानं सांगितलं, की आत जायला हरकत नाही, पण हितनं काय उचललं तर माघारी ही शीव वलांडता येत न्हाई, डोळे जात्यात.

बाबानं एक पाय खाली ठेवला होता. तो त्यानं वर घेतला.

तुम्ही म्हणालात, “या की बाबा. तुमालाच द्यायची हाय. ती चोरी थोडीच हाय?”

बाबा म्हणाला, आज योग नाही. तुम्ही म्हणालात, योग तर तुम्हीच काढला होता. बाबा म्हणाला, तूच ती काढून आण. तुम्ही म्हणालात, मला दिसत नाही. आणि दर वेळी, लेकराला जेवायला बोलवावं त्या मायेनं, “या की.” बाबानं पोटावर हात ठेवला. मग कपाळावर. शेवटी त्यानं गाडीवानाला खुणेनं बैल वळवायला सांगितलं, आणि वळताना गाडीवरची पताका बाभळीत अडकून राहिली.

निम्म्या बाया गाडीमागं गेल्या. निम्म्या तिथंच लिंबाखाली बसल्या. मग, जिचा नवरा पळाला म्हणून बाबानं तिच्याकडून उपास करवले होते, ती पदर तोंडाला लावून म्हणाली, “माजा न्हवरा कुटं पळालाय? नाशकाला कामाला हाय. म्या बी थापच मारली हुती.” आधी एकजण हसली, मग दुसरी. विष घातलेली सासू इतकी हसली की तिला ठसका लागला आणि पाणी आणायला आपल्याच घरी यावं लागलं.

पुढच्या गुरुवारी तुम्ही एकट्याच मठात गेलात. बाबाच्या देखत न्हाणीत शिरलात, घंगाळातलं कढत पाणी ओतून दिलंत आणि घंगाळ डोक्यावर घेऊन थांब्यावर आलात. मी नियमानं सामानाचं तिकीट फाडायला गेलो. तुम्ही म्हणालात, ह्येच्यावर तुमच्या भावाचं नाव हाय, त्येला कसलं तिकीट. मी फाडलं नाही. बाबाकडे काही बाया जात राहिल्याच, त्यांना तोडणं कुणाला जमलं नाही. पुढं पाऊस आला तेव्हा तो पावसाचं श्रेय घेऊन दुसऱ्या तालुक्यात गेला म्हणतात.

आणि मग आपलं भांडण सुरू झालं. तुमचं म्हणणं, मी पहिल्यापासून परीक्षाच घेत होते. माझं म्हणणं, मग भिंत का फोडलीत? तुम्ही म्हणायच्यात, भगदाड पाडल्याबिगर त्याला खरं वाटलं असतं का? मी म्हणायचो, आणि आमच्याशी अबोला? तुम्ही म्हणायच्यात, तुमच्या तोंडावर खरं दुःख दिसायला नको का, तुमाला नाटक करायला जमत न्हाई, भावजी. प्रत्येक प्रश्नाला उत्तर तयार. पुन्हा दर खेपेला निराळं. तुम्ही फसलात आणि मागाहून ही परीक्षा रचलीत, असं मी म्हणत राहिलो. माझं म्हणणं खोटं ठरवायला तुम्हाला मजा यायची, आणि खरं सांगायचं तर मलाही.

एकदाच तुम्ही न हसता बोललात. “लबाड हुता, भावजी. पर इचारीत हुता.”

शनिवारी आपल्या ओसरीवर बाया सुपं घेऊन जमू लागल्या, ते त्याच सुमारास. प्रत्येकीनं आपापलं धान्य आणायचं, निवडायचं आणि आपापलं घेऊन जायचं. आत कुणी बाबा नाही, गुळाचा खडा नाही. बाया बोलायच्या, आणि बोलता बोलता थांबल्या की तुम्ही मान न उचलता म्हणायच्यात, “मग?” नर्मदाताईचा शब्द तुम्ही असा सरळ उचलून आणलात, आणि शीवही ओलांडून आणलात, तरी डोळे काही गेले नाहीत. त्या भगदाडाशी पाठ टेकून तुम्ही बसायच्यात. मी ते लिंपून घ्यायचं म्हटलं की म्हणायच्यात, वारा बरा येतो.

यंदा ताप आला आणि तुम्ही बोलायच्या थांबलात, तेव्हाच कमल घाबरली.

आता कालचं. ओढ्याकाठी पिंड ठेवला. कावळे लिंबावर चांगले पाच-सहा, पण एकही खाली उतरेना. कमलनं हात जोडून सांगितलं, आक्का, तुमचं घंगाळ मी कुणाला देणार नाही. कावळे हलले नाहीत. शनिवारच्या बाया म्हणाल्या, आम्ही जमत राहू. एक कावळा उडून दुसऱ्या फांदीवर बसला, एवढंच. ऊन तापलं, भटजींनी घसा खाकरला. तेव्हा सगळ्या बायांनी मिळून माझ्याकडे पाहिलं. आपलं भांडण सगळ्यांना पाठ आहे.

मी कावळ्या-बिवळ्याला मानणारा नाही, हे तुम्हाला ठाऊक आहे. तरी पुढं झालो आणि सगळ्यांच्या देखत मोठ्यानं म्हटलं, “वहिनी, मान्य. परीक्षाच हुती ती.”

एक पंख हलला नाही. बरोबरच आहे. माझा चेहरा तुम्हाला कायमच वाचता यायचा.

मग मी पिंडाशेजारी मातीत बसलो, वहिनी. कशावर वाद घालू आणि कुणाशी, असं वाटून मला रडू आलं, आणि मी लपवलं नाही. रडून झाल्यावर, का कोण जाणे, मान खालीच ठेवून मी म्हटलं, “मग?”

कावळा आला.

कमल म्हणते, मी मान्य केलं ते तुम्हाला उशिरा ऐकू गेलं. बाया म्हणतात, मी रडलो म्हणून आला. मी म्हणतो, मी उभा होतो तोवर तो भीत होता, बसलो म्हणून उतरला. म्हणजे घरात पुन्हा तसंच भांडण सुरू झालंय आणि यातही तुमची साक्ष मिळणार नाही. पण आज मला सुट्टी आहे, आणि मी तुमच्या जागी, भगदाडाला पाठ लावून बसलोय. वारा खरंच बरा येतो. तुमचं काय सांगायचं राहिलं असेल ते सांगा, वाढवून सांगितलंत तरी चालेल. मी मधे बोलणार नाही.